एक तरी खोड सांगा

नगर जिल्ह्यात चार पायांवर किंवा चार चाकांवर उभी राहिलेली अशी एकही वस्तू नसेल, जिच्यात माझ्या मामेसासऱ्यांना खोड सापडली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे, सख्खे मामा. सोनईच्या अलीकडे त्यांची वस्ती होती. थोडी जमीन, एक विहीर, विहिरीवर डिझेलचं इंजिन, दारात दोन बैल, आणि या सगळ्यांच्या खोडा त्यांना तोंडपाठ. देवानं पहिला माणूस घडवला तेव्हा मामा शेजारी उभे असते, तर त्यांनी देवाचाही हात धरून विचारलं असतं, "ते समदं ब्येस हाय वो, पर ह्याची खोड काय ती सांगा आधी."

खोड हा बैलबाजारातला शब्द. बैल लाथ मारतो, शिंग उगारतो, ऐन चढावर बसकण मारतो, ही झाली त्याची खोड. बाजाराची जुनी रीत अशी, की विकणाऱ्यानं ती आपल्या तोंडानं आधी सांगायची. सांगून विकलेल्या बैलाबद्दल मागून तक्रार करायची नाही, आणि न सांगता विकलेला बैल दाव्यासकट परत. काळ बदलला तशी ही रीत बाजारातून उठली आणि मामांच्या घरी येऊन राहिली. "ज्याच्यात खोडच न्हाई ते जनावर एक तर मेलेलं, न्हाईतर चोरीचं," असं ते म्हणत. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भरल्या बैठकीत माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलाची एक तरी खोड सांगा." माझे वडील खरं बोलणारे गृहस्थ, थोडा विचार करून ते म्हणाले, "वाचतो फार." मामांनी माझ्याकडं खालून वर पाहिलं आणि निकाल दिला, "बरी हाय. लाथ तर मारत न्हाई ना?" असा मी पास झालो.

घोडेगावच्या बाजारात त्यांनी तीसेक वर्षं लोकांना बैल निवडून दिले. त्याबद्दल चहापलीकडं काही घेतलं नाही. हळूहळू आमच्या भागात ऊस वाढला, पाटाचं पाणी फिरलं, आणि ज्यांच्या वडिलांनी मामांना बैल दाखवायला नेलं त्यांची मुलं त्यांना गाड्या दाखवायला नेऊ लागली. त्यातच पेट्रोल अचानक सोन्याच्या पंगतीला जाऊन बसलं. मग जुन्या मोठ्या पेट्रोलच्या गाड्यांचं इंजिन काढून तिथं टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली. सांगाडा विलायतेचा, काळीज मालवाहू टेम्पोचं, आणि रंग बैलाच्या शिंगांना पोळ्याला देतात तसा. असं हे वाहन विकणारे लोक 'फॅमिली कार' या नावानं पुढं आणत. त्याच्यावर कुठं पुस्तक नव्हतं आणि मेकॅनिक बहुधा विकणाऱ्याचा मेव्हणा असे. राहता राहिले मामा. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. "मला शिंगंबी न्हाईत," ते म्हणत.

गाडी बघायला गेले की मामा आधी गाडीकडं बघतच नसत. "बैल मागाहून बघावा, आधी खुंटा बघावा." गाडी जिथं रोज उभी असते तिथून ती बाजूला काढायला लावायची आणि त्या रिकाम्या जागेवर उकिडवं बसायचं. जमिनीवर ठिबकलेलं काळं तेल कुठल्या बाजूला आहे, पिवळसर डिझेल कुठं आहे, पाण्याचा ओघळ कुठवर गेला आहे, हे ते बोटानं उकरून, वास घेऊन बघत. सोनईच्या एका व्यापाऱ्यानं हे ऐकलं असावं. त्यानं गाडीखालची जमीन शेणानं लख्ख सारवून ठेवली होती. मामांनी जमिनीकडं पाहिलं, व्यापाऱ्याकडं पाहिलं. "आज सण न्हाई, घरात कार्य न्हाई. मग गाडीखाली सारवलं कशापायी?" एवढं बोलून ते परत फिरले. त्या गाडीचं इंजिन पुढं दोन महिन्यांत बसलं. ती ज्यानं घेतली तो तीन महिने मामांची वाट चुकवत होता.

दुसरा नियम उठण्याचा. बैलाचा कंबरेतला दोष तो चालताना लपतो, बसलेला उठताना दिसतो. गाडीचंही तसंच. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. गार इंजिन पहिल्या झटक्यात उठतं का ते बघायचं. म्हणून मामा पोचले की पहिल्यांदा बॉनेटवर पालथा हात ठेवत, पोराचा ताप बघावा तसा. गरम लागलं तर काही न बोलता ओसरीवर बसत. नेवाशाच्या एका गृहस्थानं सकाळीच गाडी फिरवून आणली होती. मामा त्याच्या ओसरीवर बसले, त्याच्याकडं जेवले, दुपारी तिथंच आडवे झाले, तिसऱ्या प्रहरी चहा घेतला आणि मग उठून म्हणाले, "हं, आता उठवा तिला." ती उठली नाही. चार माणसांनी धक्का मारला तेव्हा खोकत खोकत उठली आणि पांढरा धूर सोडत राहिली. मामांनी धोतराचा सोगा त्या धुरात धरला, हुंगला आणि म्हणाले, "पानी शिरतंय आत. जेवन मातर झ्याक हुतं." धुराच्या बाबतीत त्यांचं शास्त्र सरळ होतं. काळा धूर सोडते ती खादाड, निळा सोडते ती तेल पिणारी. पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर सकाळचा आळस, थांबलाच नाही तर दुखणं. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून ते तिथं तळवा धरत, बैलाच्या नाकपुडीपुढं धरावा तसा. फार जोरात वाफ लागली, तर "धापा टाकतीय" म्हणून झाकण परत लावत.

त्यांचे आणखी दोन प्रकार होते, आणि ते बघायला गावातली माणसं जमत. एक पितळी वाटी. ती त्यांच्या पिशवीत कायम असे. चालू गाडीच्या बॉनेटवर ती ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी ओतायचं आणि डोळे बारीक करून पाण्यावरची वलयं बघायची. वलयं गोल आणि सारखी उठली तर इंजिन सुरात. पाणी एकाच अंगानं सांडलं तर कुठंतरी एक पिस्टन काम करत नाही किंवा इंजिन बसवलंय तेच वाकडं. दुसरी काठी. काठीचं लोखंडी टोक इंजिनावर टेकवायचं आणि वरची मूठ दातांत धरून डोळे मिटून उभं राहायचं. धोतर, पागोटं, दातांत काठी आणि समोर हादरणारी विलायती गाडी, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला थोडं ज्ञान झालं की तो त्याला लगेच झूल आणि घुंगरं घालतो. मोठेपणाच्या सोंगांचा मला पहिल्यापासून कंटाळा. मामांची वाटी आणि काठी ही मी त्या खात्यात टाकून दिली होती. साधा कानानं ऐकायचा आवाज, त्याला हा एवढा विधी कशाला?

वास्तविक कानांबद्दल मामांची ख्याती जुनी होती. सुमन लहानपणी आई गेल्यावर त्यांच्याकडंच वाढली. ती सांगे, की मामा संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या शिवारातली इंजिनं ओळखत. "ह्ये पलीकडच्या मळ्यातलं. नोझल गेलंय त्याचं, उद्या बंद पडंल." आणि पडायचं. वीस वर्षं ते स्वतःच्या इंजिनाशेजारी, पत्र्याच्या त्या लहानशा खोपटात बसून पाणी धरत होते. इंजिनाची भाषा ते तिथंच शिकले. मी जावई झालो तोवर त्यांनी असली भाकितं सांगणं सोडलं होतं. मी समजलो, म्हातारपणी माणूस गंभीर होतो.

गाडी आम्हाला हवी होती ती मिरवायला नव्हे. मी बेलापूरला शाळेत मास्तर आणि सुमन तिथंच डॉक्टर. तिच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या दोन खाटा होत्या. आसपासच्या वस्त्यांवरून तिला बोलावणं येई ते बैलगाडीनं, आणि अवघडलेल्या बाईला नगरला न्यायचं तर आधी कुणाची जीप रिकामी आहे हे गावभर विचारावं लागे. आदल्या पावसाळ्यात अशीच एक पोर आली. जीपवाला परगावी गेला होता. एस.टी. मिळाली तोवर उशीर झाला. बाई वाचली, मूल गेलं. सुमन त्या दिवशी घरी येऊन भांडी घासत बसली. आमच्याकडं भांड्यांना बाई होती. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आपण जुनी का होईना, गाडी घेऊ. डिझेलची, परवडेल अशी. एकच बघ, बोलावलं की सुरू झाली पाहिजे." मग तिनंच मामांना पत्र लिहिलं. मामांचं उलट टपाली उत्तर आलं: 'तुझी गाडी मी निवडीन. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.'

शेवगावच्या बाजूला एका बागायतदारांकडं अशी गाडी असल्याचं कळलं. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. मी बेलापूरहून निघालो, नेवासे फाट्यावर मामा भेटले. पिशवी, वाटी, काठी, सगळं बरोबर. एस.टी.त शेजारी बसल्यावर त्यांनी मला बजावलं, "जावईबापू, सौद्यात तोंड एक असावं, डोळं चार. तिथं माझ्या म्होरं अक्षर बोलायचं न्हाई. बैल कितीबी वंगाळ दिसू द्या, कुनी कायबी म्हनू द्या. बरुबरचा मानूस मधी बोलला की समोरच्याला फट दिसती." मी मान हलवली. मला तर काही कळतही नव्हतं. न बोलायला काय लागतं?

आबासाहेबांचा बंगला बघून माझ्यातल्या वाचणाऱ्या माणसाला बरंच खाद्य मिळालं. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. एकाचा जबडा फुटलेला, त्यामुळं तो जांभई देतोय असं वाटे. बैठकीत भिंतभर फोटो. प्रत्येकात आबासाहेब कुणाला तरी हार घालताना, नाहीतर कुणाकडून तरी घालून घेताना. एका फोटोत समोरचा माणूसच कापून टाकला होता, फक्त हार धरलेले दोन हात उरले होते. बहुधा तो मागच्या निवडणुकीत पडला असावा. स्वतः आबासाहेब टेरिलीनचा बुशशर्ट, हातात सोन्याचं कडं, आणि बोलणं सभेतलं. "गाडी म्हंजे तुम्हाला सांगतो, रत्न हाय रत्न! आजपस्तोर एक तक्रार न्हाई."

मामा उठून उभेच राहिले. "मग आमी निघतो."

"का वो आण्णा?"

"तक्रार न्हाई म्हंता. मी जन्मात बिनखोडीचं जनावर बगितलं न्हाई, आता ह्या वयात कुठं बगू? एक तरी खोड सांगा, तर गाडी बगतो."

आबासाहेब त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता अपमान होणार. पण ते जरासे हसले आणि सभेतला आवाज सोडून म्हणाले, "मागचं दार जोरात लावावं लागतंय. हळू लावलं तर वाटंत उघडतंय."

"बारकी हाय," मामा म्हणाले, "पर तोंड उघडलं. चला."

गाडी जांभळ्या रंगाची, लांब नाकाची आणि जराशी पुढं झुकलेली होती. डिझेलचं इंजिन मुळातल्यापेक्षा जड, त्यामुळं पुढचे स्प्रिंगचे पाटे दबतात, असं मामांनीच मला एस.टी.त सांगितलं होतं. खुंट्याची पाहणी झाली. तेलाचे डाग होते, पण जुने आणि एकाच जागी. बॉनेट गार. गाडी पहिल्याच झटक्याला उठली, दोन मिनिटं पांढरा धूर देऊन थांबली. मामांनी दरवाजांच्या फटींतून बोट फिरवलं; गाडी कधी ठोकली असेल तर फट एके ठिकाणी रुंद होते. वाटीतलं पाणी सारखं थरथरलं. मामांनी काठी दातांत धरली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती, कुणी हूं की चूं करत नव्हतं. इंजिन बंद करायला लावून ते स्टिअरिंगमागं जाऊन बसले, ते डावी-उजवीकडं हलवून बघितलं, आणि मग मधोमधच्या हॉर्नवर तळवा ठेवून तीनदा दाबला.

काहीही वाजलं नाही.

मामांनी प्रसन्न मुद्रेनं आमच्याकडं पाहिलं. "खनखनीत! मुडदा उठून बसंल."

फाटकाजवळ कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेबांनी नुसतं त्या दिशेनं पाहिलं आणि ते हसणं जागच्या जागी मेलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. त्या दोन-तीन क्षणांत वाटी, काठी, धोतराचा सोगा, बॉनेटवरचा हात असं सगळं माझ्या डोळ्यांपुढून पुन्हा एकदा गेलं, आणि या खेपेला त्यात सोंग कुठंच दिसलं नाही. कान गेलेला माणूस दातांनी ऐकत होता, पाण्यातून आवाज बघत होता, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत होता. आणि मी, वाचणारा माणूस, त्याला झूल म्हणत होतो.

बोलावं असं मला फार वाटलं. पण तोंड एक असावं असं ठरलं होतं. आणि वीस माणसांत काय बोलणार?

आबासाहेब पुढं झाले. त्यांनी मामांना हाताला धरून उतरवलं, तोंडासमोर तोंड आणून, मोठ्यानं पण ओरडल्यासारखं न वाटू देता म्हणाले, "आण्णा, हातपाय धुवा, चहा घेऊ." मामा मोरीकडं गेले. माणसं पांगली. आबासाहेब माझ्याशेजारी येऊन गाडीला टेकून उभे राहिले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "सर, हॉर्न दिवाळीपासून बंद हाय. दुसरा गियर उतरनीला निसटतो, हात धरून ठेवावा लागंल. आन इंजिन लई तापलं, की तिसऱ्या पिस्टनाला ठोका येतो. आण्णांनी गारपणी काठी लावली म्हनून घावला न्हाई."

"मघाशी तुम्ही हे सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"न्हाई सांगितलं. मघाशी मी गाडी इकत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारा हुशार हाय, त्याला घावंल ते घावंल, न्हाई घावलं ते माझं नशीब. बरोबरीची कुस्ती. पर कान न्हाई त्या माणसाला काय फसवायचं?" ते पुढं म्हणाले, "ते वळखत न्हाईत मला. बाजारात हजार माणसं भेटली त्यांना. माझ्याकडं तवा काय बी नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी दिवसभर उन्हात फिरून खिलारी जोडी काढली. मालकाला तीनदा खोड विचारली. त्या जोडीनं ही विहीर झाली, ही बाग झाली. आन हे फोटो. बाकी एक सांगतो सर, आईशपथ. ही गाडी सुरू व्हायला कधी न्हाई म्हनली न्हाई. घ्यायची तर घ्या. आन त्यांच्या कानाचं बाहेर बोलू नका. बाजारात कळलं तर टवाळ पोरं त्यांना रोज एक खडखडनारं डबडं सुरात हाय म्हनून दाखवतील."

बोलावलं की सुरू झाली पाहिजे, असं सुमन म्हणाली होती. बाकीच्या खोडांना माझी काही हरकत नव्हती. आमच्या घरात एक वाचणारा माणूस होताच.

चहा झाल्यावर सौदा झाला तो जुन्या रीतीनं. मामांनी उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्याखाली, एका बोटाला एक ठरलेली रक्कम धरून, एकमेकांची बोटं दाबत, एक शब्द न बोलता, भाव सुरू झाला. ही रीत मला नेहमी हास्यास्पद वाटे. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या सौद्याला कान लागत नाहीत. बराच वेळ उपरणं हलत होतं. मग आबासाहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि उपरण्याखाली काहीतरी झालं. मामांचा चेहरा उजळला. हात सुटल्यावर ते माझ्या कानाशी येऊन, साऱ्या बैठकीला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, "एक बोट खाली आला! लई कसलेला दिसतो, पर आपल्याम्होरं न्हाई टिकला." आबासाहेब त्या वेळी सिमेंटच्या सिंहांकडं बघत होते.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो, मामा शेजारी काठी उभी धरून बसले होते. दुसऱ्या गियरवर माझा हात घट्ट होता. नेवाशाच्या पुढं रस्ताभर मेंढरं आडवी आली. सवयीनं माझा तळवा हॉर्नवर गेला. एकदा, दोनदा. मेंढरं रवंथ करत उभी राहिली. मेंढपाळानंही मान वळवली नाही.

मामा माझ्या हाताकडं बघत होते. मग मेंढरांकडं.

"मेंढरं हालली न्हाईत," ते म्हणाले.

मी इंजिन बंद केलं.

"वाजला न्हाई व्हय?"

मी त्यांच्याकडं तोंड करून म्हणालो, "नाही."

"तितंबी न्हवता वाजला?"

"नाही."

"मंग बोलला का न्हाईत?"

"तोंड एक असावं, तुम्हीच म्हणालात."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काठी आडवी करून मांडीवर ठेवली. मेंढरं संपली, रस्ता मोकळा झाला, तरी मी गाडी सुरू केली नाही. शेवटी ते म्हणाले, "त्यानं बगितलं आसंल."

"त्यांनी मग बाकीच्या सगळ्या खोडा सांगितल्या मला. तीन." आणि कुठल्या, त्या मी एकेक करून सांगितल्या; बोटांवर मोजत, त्यांना दिसतील अशा. मामांनी प्रत्येक बोटाला मान डोलावली. उपरण्याखालच्या बोटाबद्दल मी काही सांगितलं नाही. पण ते दूरवर बघत म्हणाले, "म्हनजे त्ये बोट त्यानं सोडलं. मी न्हवतं पाडलं." सौद्यातलं त्यांना काही सांगावं लागत नसे.

बेलापूरला पोचलो तेव्हा दवाखान्यात दोन बायका बसल्या होत्या. सुमन बाहेर आली, जांभळा रंग बघून तिनं डोळे मिटले. मामा उतरून तिच्यासमोर उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून, बाजारात विकणारा उभा राहतो तसे.

"सुमे, गाडीत चार खोडा हायेत. त्या जावईबापू सांगतील. पाचवी माझ्यात हाय. मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झालं. सगळ्यांच्या खोडा इचारत हिंडलो, माझी सांगायची ऱ्हायली."

सुमन म्हणाली, "मला माहीत आहे, मामा. तुम्ही उशाशी रेडिओ घेऊन निजता आणि त्याचे सेल संपलेले असतात, तेव्हापासून."

मामांचे डोळे तिच्या ओठांवर होते. "मग बोलली का न्हाईस? डाक्टर हायेस ना तू?"

"खोड मालकानं सांगायची असते."

मामांनी पागोटं काढून डोक्यावरून हात फिरवला आणि ते दवाखान्याच्या पायरीवर, त्या दोन बायकांच्या शेजारी, आपला नंबर लावून बसले. सुमननं त्यांना तपासलं. वीस वर्षं पत्र्याच्या खोपटात जे इंजिन त्यांना आपली भाषा शिकवत होतं, त्यानंच फी म्हणून कान नेले होते. उपाय नव्हता.

त्यानंतर मामा गाड्या बघणं सोडतील असं आम्हाला वाटलं. उलट झालं. ते आता विकणाऱ्याच्या दारात गेल्या गेल्या सांगू लागले, "मला ऐकू येत न्हाई, ही माझी खोड. आता तुमच्या गाडीची सांगा." समोरचा माणूस या सुरुवातीनं असा गांगरून जाई, की आठवत नसलेल्याही खोडा सांगून टाकी. सोनईचा तो सारवणारा व्यापारीसुद्धा एकदा दोन खोडा सांगून बसला, असं म्हणतात. काही टवाळ निघाले, नाही असं नाही, एकानं इंजिन काढलेली गाडी दाखवून "काय गोड आवाज हाय!" म्हणून बघितलं. मामांनी वाटीतलं पाणी बघितलं. ते हललंच नव्हतं. "गोड हाय," ते म्हणाले, "तुझ्या बापाच्या अकलेसारखा." आणि पाणी त्याच्याच अंगणात ओतून निघाले.

आमच्या गाडीनं सुमनचा शब्द पाळला. ठोका आला, दुसरा गियर निसटला, मागचं दार एकदा वाटेत उघडून माझ्या शाळेचे तपासलेले पेपर ओढ्यात गेले. पण बोलावलं आणि उठली नाही असं झालं नाही. किती पोरी तिच्यातून नगरला गेल्या आणि कडेवर मूल घेऊन आल्या याचा हिशेब सुमनकडं आहे, माझ्याकडं नाही. हॉर्न मी पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घेतला. मामा आले की बाहेर उभं राहून खिडकीतून एका हातानं तो दाबत आणि दुसरा हात बॉनेटवर ठेवत. थरथर हाताला लागली की मान डोलवत.

मामा गेले त्या वर्षी गाडी काढून टाकायचं ठरलं. एक तरुण गृहस्थ बघायला आले. मी त्यांना बसायलाही न सांगता गाडीच्या सगळ्या खोडा सांगितल्या, क्रमानं, एकही न वगळता. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा अधिकाधिक संशयी होत गेला. इतकं खरं सांगणारा माणूस नक्की काहीतरी मोठं लपवतोय, असा विचार करून ते निघून गेले. त्यानंतर मी कुणाला बोलावलं नाही.

गाडी अजून दवाखान्यामागं कडुनिंबाखाली उभी आहे. परवा सकाळी मी ती सुरू केली. गार होती, पहिल्या झटक्यात उठली. मामांची वाटी आता आमच्याकडंच असते. ती पाण्यानं भरून बॉनेटवर ठेवली, आणि मग, आसपास कुणी बघत नाही अशी खात्री करून, दोन्ही कानांत बोटं घातली. पाण्यावर बारीक, गोल, सारखी वलयं उठत होती. कडुनिंबाचं एक पान वाटीत पडलं, तेही त्यांच्याबरोबर थरथरत राहिलं. आवाज कुठंच नव्हता, आणि इंजिन अगदी सुरात चाललं होतं.